लपायच्या जागा

खर्डीच्या रानातून काय काय गेलं असं विचारलं, तर लोक जनावरांची नावं घेतात. भेकर दिसत नाही, ससे कमी झाले, रानकोंबड्याची बांग पूर्वीसारखी ऐकू येत नाही. ही जनावरं ज्यांच्या आड जगत होती त्या गोष्टींची नावं मात्र कुणाच्या तोंडी येत नाहीत. त्यांना बाजारात भाव नाही, त्यांचा कुणी मालक नाही, आणि कुठल्या दप्तरात त्यांच्यासाठी रकानाही नाही. म्हणून ही नोंद त्यांची.

तानसा अभयारण्य 1970 सालचं, 300 चौरस किलोमीटरांहून मोठं. खर्डी त्याच्या कडेला. पश्चिमेकडे मुंबईला पाणी देणारा तलाव, पूर्वेकडे कसाऱ्याचा घाट, मधून रेल्वे आणि नाशिकचा महामार्ग. रान पानगळीचं: साग, ऐन, मोह, पळस, कुडा. हे रान वर्षातून दोनदा रंग बदलतं. मृगाचा पाऊस पडला की आठवडाभरात हिरवं, आणि माघ सरता सरता तपकिरी. इथल्या प्रत्येक जिवानं या दोन रंगांशी आपला रंग जुळवून घेतला आहे, आणि त्याला हजारो पिढ्या लागल्या आहेत. जमीन मात्र आता एका माणसाच्या हयातीत बदलते. कधी कधी एका दुपारीसुद्धा.

*

पाचोळा.

फेब्रुवारीत सागाची मोठी पानं गळायला लागतात आणि मार्चपर्यंत जमिनीवर थर बसतो. खाली काळपट, कुजायला लागलेला. वर तांबूस, कुरकुरीत. मध्येमध्ये ऐनाची राखी पानं, काटक्या, कवडसे. या थरावर रातवा बसतो. तो घरटं बांधत नाही. मादी दोन अंडी थेट जमिनीवर घालते आणि त्यांवर बसून राहते. अंगावर राखी, तपकिरी, काळे, पिवळट असे बारीक ठिपके आणि रेघा. पंख कुठं संपला आणि पान कुठं सुरू झालं हे जवळून बघतानाही कळत नाही. डोळे मोठे, रात्रीच्या कामाचे. दिवसा तेच घात करतील, म्हणून पापण्या मिटून नुसती फट ठेवलेली. माणूस दोन पावलांवर आला तरी तो हलत नाही. पाय अंगावर पडणार अशी वेळ आली, तरच उठतो.

या न हलण्याचा हिशेब झांबियात केला गेला आहे. मार्टिन स्टीव्हन्स, जोलियन ट्रॉशियान्को, क्लेअर स्पॉटिसवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास केला: रातवे, टिटव्यांच्या कुळातले पक्षी आणि धाविक. 2016 मध्ये त्यांनी जे मांडलं ते असं. टिटवीसारखे जे पक्षी धोका दिसताच घरट्यावरून उठून जातात, त्यांच्यात अंड्याचा फिका-गडदपणा भोवतालाशी किती जुळतो यावर अंड्याचं नशीब ठरतं. रातवा अंड्यांवर बसून राहतो, त्यामुळे तिथं पक्ष्याच्या पिसांवरची नक्षी जुळावी लागते. 2017 मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एकाच जातीचे पक्षी रंगात थोडे थोडे वेगळे असतात, आणि प्रत्येक पक्षी स्वतःच्या रंगाला साजेल अशी जागा निवडतो. लालसर रातवा लालसर पाचोळ्यावर, राखी रातवा राखी जमिनीवर. म्हणजे इथं नाही तर तिथं बसेल असं म्हणून चालत नाही. त्याची जागा ठरलेली असते.

रातव्याच्या अंड्यांचे दिवस मार्च ते मे. वणव्याचेही तेच. वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. वणवा आपसूक लागत नाही, तो लावला जातो किंवा कुणाच्या तरी हातून लागतो. मोहाची फुलं वेचताना जमीन मोकळी दिसावी म्हणून, पुढच्या पावसाला गवत चांगलं फुटावं म्हणून, ससा बाहेर काढायला म्हणून, फेकलेल्या विडीनं, आणि आता प्लॉटची हद्द साफ करायला म्हणूनही. आग जमिनीलगत पळते. मोठा साग मरत नाही, आणि पाऊस पडला की रान पुन्हा भरलेलं दिसतं. त्यामुळे काही गेलं असं कुणाला वाटतच नाही. पण चैत्रात त्या काळ्या जमिनीवर तांबूस पक्षी बसला की तो लांबून दिसतो. कावळ्याला, मुंगसाला, भारद्वाजाला मग शोधायचे कष्ट उरत नाहीत.

आफ्रिकेतले काही नाकतोडे जळलेल्या माळावर थोड्याच दिवसांत काळे होतात, हे नोंदलेलं आहे. रातव्याला ती सोय नाही.

यात राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्याला, दोष देणं सोपं आहे, आणि ते चूक आहे. राब भाजतात तो दाढीपुरता तुकडा, बांधाच्या आत. शेण, पाला, गवत रचून, वर माती पसरून, वारा पडलेला बघून काडी लावतात, आणि आग विझेपर्यंत घरची माणसं तिथं उभी असतात. राब आणि वणवा एकाच पारड्यात घालणाऱ्यांनी एकदा तरी राब भाजताना बघावा.

*

सुक्या पानाचं रूप.

दिवेलागणीला भाताच्या बांधावर एक तपकिरी फुलपाखरू जमिनीलगत झोकांड्या खात उडतं. शास्त्रातलं नाव मेलॅनायटिस लीडा. याची अळी भाताची आणि गवताची पानं खाते. पावसाळ्यात निघालेल्या फुलपाखराच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. पक्षी त्या ठिपक्यावर चोच मारतो, पंखाची कड फाटते, जीव वाचतो. भातकापणीनंतर निघालेल्या फुलपाखराचे ठिपके जवळजवळ पुसलेले असतात आणि पंख मिटले की हुबेहूब सुकलेलं पान. त्यातही दोन फुलपाखरं सारखी मिळत नाहीत. एक गंजाच्या रंगाचं, एक राखी, एकावर काळे डाग, एकावर पानाच्या शिरेसारखी रेघ. पक्ष्याच्या नजरेत एक ठरावीक नमुना बसू नये, यासाठी ही विविधता.

कोणतं रूप घ्यायचं हे अळीच्या आणि कोषाच्या दिवसांतल्या हवेवर ठरतं. याच्या आफ्रिकेतल्या नातलगावर, बायसायक्लस नावाच्या फुलपाखरावर, पॉल ब्रेकफील्ड यांनी वर्षानुवर्षं काम केलं. तिथं खूण तापमानाची आहे: उबेत वाढलेल्या अळीला ठिपके, गारव्यात वाढलेलीला सुकं पान. अळीला पुढचं रान दिसत नसतं. ती हवेवरून अंदाज बांधते, आणि आजवर हवा आणि रान एकमेकांना धरून चालत आले म्हणून तो अंदाज बरोबर येत गेला. ज्या वर्षी गवत सुकून गेलं आणि हवा तेवढी उबदार राहिली, किंवा अवकाळी पावसानं हंगामाचा मेळच मोडला, त्या वर्षी अंदाज चुकू शकतो. आणि तो बरोबर आला तरी ज्या पाचोळ्यात मिसळायचं तो शिल्लक असावा लागतो.

*

बर्फाच्या देशात ही चूक उघड्या डोळ्यांनी दिसते. उत्तर अमेरिकेतला बर्फससा हिवाळ्यात पांढरा होतो, उन्हाळ्यात तपकिरी. दिवस लहान-मोठा होतो त्यावर त्याचा रंग चालतो, बर्फावर नाही. बर्फ आता उशिरा पडतो आणि लवकर वितळतो, आणि पांढरा ससा उघड्या मातीवर बसून राहतो. आपण उठून दिसतोय हे त्याला कळत नाही. मोंटानात मार्केटा झिमोवा आणि स्कॉट मिल्स यांनी सशांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून 2016 मध्ये दाखवलं की रंग न जुळलेल्या सशाची आठवडाभर जगण्याची शक्यता जास्तीत जास्त 7 टक्क्यांनी घटते. आठवड्याला 7 टक्के, आणि असे आठवडे वाढत चालले आहेत.

याला उलटं उदाहरण म्हणून इंग्लंडातला ठिपक्यांचा पतंग नेहमी सांगतात. मँचेस्टरला 1848 मध्ये काळा पतंग नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळी पडली होती. 1895 पर्यंत तिथले 98 टक्के पतंग काळे झाले. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, काजळी उतरली, आणि फिके पतंग परत वाढले. फिनलंडमध्येही हिवाळे सौम्य झाले तशी घुबडांत राखी रूपाच्या तुलनेत तपकिरी रूपाचं प्रमाण वाढलं, हे 2011 मध्ये मांडलं गेलं. यावरून निसर्ग आपलं बघून घेईल असं म्हणणारे असतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. काळा पतंग आणि तपकिरी घुबड आधीपासून त्या जातीत होते, काजळीनं किंवा उन्हानं ते निर्माण केले नाहीत. आणि पतंगाची पिढी वर्षाला एक. ज्या जिवाकडे दुसरा रंगच नाही, किंवा ज्याची पिढी लांब आहे, त्याला ही वाट मोकळी नाही.

*

दगड.

टिटवीची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला वळलेली, मातकट रंगावर काळे डाग. घरटं म्हणजे मुरमात केलेला उथळ खळगा आणि भोवती मांडलेले चार खडे. माळावर अशी अंडी पायाशी असली तरी दिसत नाहीत. टिटवी उंचावर अंडी घालते त्या वर्षी पाऊस जास्त, असं जुनी माणसं सांगतात. आता तिनं कुठं घालावीत हाच प्रश्न आहे. माळावरचा मुरूम भरावाला जातो. ज्या माळाचा मुरूम गेला नाही तिथं कुंपण पडतं, आत हिरवळ लावली जाते आणि तिला उन्हाळ्यातही पाणी मिळतं. त्या हिरवळीवर टिटवीचं अंडं म्हणजे कावळ्याला आमंत्रण.

टिटवी हट्टी पक्षी. रेल्वेच्या खडीत आणि इमारतींच्या गच्चीवर तिनं अंडी घातल्याच्या नोंदी देशात जागोजागी आहेत. खडीत आणि गच्चीवरच्या वाळूत तिला जुना माळ दिसत असावा. अंडी तिथं खपूनही जातात. खरी अडचण पुढं येते. पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की काही तासांत चालतं, पण त्याच्या बचावाचा एकच मार्ग असतो: आई ओरडली की जिथं आहे तिथं अंग चोरून दबायचं. खड्यांत ते दिसेनासं होतं. सिमेंटवर किंवा डांबरावर ते तसंच दबून बसतं, आणि सगळ्यांना दिसतं.

*

हिरवा रंग.

श्रावणात हरणटोळ वेलीत असा मिसळतो की फांदी हलली तरच कळावं. रस्त्याकडेच्या झुडपांवर दिवाळीनंतर धुळीचा थर चढतो आणि पानं राखी होतात. हरणटोळ हिरवाच राहतो.

घोयऱ्या सरड्याबद्दल लोकांची समजूत अशी की तो कुठल्याही वस्तूचा रंग घेतो. तसं नसतं. ऊन, भीती, राग, माजाचे दिवस यांवर त्याचा रंग बदलतो, आणि जे रंग त्याच्याकडे आहेत ते पानांचे, फांद्यांचे आणि मातीचे. डांबराचा रंग त्याच्याकडे नाही. पावसाळ्यानंतर मादी अंडी घालायला झाडावरून जमिनीवर उतरते. पूर्वी मध्ये पायवाट असे, आता रस्ता असतो. एक पाऊल पुढं, डुलून थांबणं, पुन्हा एक पाऊल. फांदीवर या चालीनं ती हलत्या पानासारखी भासते. रस्त्यावर याच चालीनं मरते. गाडीखाली सापडली नाही तर विषारी म्हणून काठीखाली. घोयरा विषारी नाही. कुणालाही त्यानं कधी मारलेलं नाही.

*

जुनं खोड.

रानपिंगळा हे लहानसं घुबड एफ. आर. ब्लेविट यांना 1872 मध्ये मिळालं, पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि 1884 नंतर ते शंभराहून जास्त वर्षं कुणालाच सापडलं नाही. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. ऑक्टोबर 2014 मध्ये सुनील लाड यांना ते तानसाच्या रानात दिसलं. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर हा पक्षी इतकी वर्षं होता.

रानपिंगळा दिवसा शिकार करतो. निष्पर्ण सागाच्या फांदीवर, फांदीच्याच राखी-तपकिरी रंगात, तो बराच वेळ स्थिर बसतो आणि खाली जमिनीवर नजर ठेवतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर हे त्याचं मुख्य खाणं. ते पाचोळ्यात आणि गवतात राहतं, म्हणजे वणव्याच्या वाटेतच. अंड्यांसाठी त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. वाळकं, पोकळ, वाकडं झाड लाकूड म्हणून कमी भावाचं आणि सरपण म्हणून सगळ्यांत सोयीचं, त्यामुळे ते आधी जातं. ढोली पडायला झाडाला कित्येक दशकं लागतात. रोपं लावून ती भरून येत नाही.

*

अंधार.

पतंग रात्री उडतात आणि पहाटे जागा धरतात. ऐनाच्या चौकोनी भेगांच्या सालीवर बसला की पतंग सालीचा तुकडा होतो. आता त्यांना दिवे ओढून नेतात. स्टेशनच्या, पेट्रोलपंपाच्या, ढाब्याच्या, घरांच्या पांढऱ्या भिंतींवर पहाटे पतंग बसलेले असतात: सालीच्या रंगाचे, दगडफुलाच्या रंगाचे, सुक्या पानाच्या रंगाचे, सगळे पांढऱ्या टाइलवर. उजाडताच कोतवाल आणि साळुंक्या येतात आणि ओळीनं वेचून खातात. अर्ध्या तासात भिंत साफ होते, खाली तुटलेले पंख राहतात. खर्डीला उतरणाऱ्या कुणालाही पावसाळ्यातल्या पहाटे हे बघता येईल. बघावंच.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. रस्ता लोकांच्या उपयोगाचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या कडेला आता जे दिवे, गोदामं आणि वसाहती येतील त्यांचा प्रकाश कुठल्या दिशेला पडावा, हे ठरवायची वेळ आत्ताची आहे. दिव्यावर टोपी घालून उजेड खाली पाडता येतो. रंग पिवळसर ठेवला की पतंग कमी येतात. याला खर्च फारसा नाही.

*

घारीची सावली.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथं अभ्यास करून 2018 मध्ये लिहिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीनं कमी आहेत आणि सरडे जास्त. सरडे जास्त हे ऐकायला बरं वाटतं. पण त्यांच्यात भीती कमी झाली होती. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते. आणि नराच्या गळ्यावरचा निळा-नारिंगी पंखा, ज्यासाठी हा सरडा प्रसिद्ध आहे, तो फिका पडला होता. गर्दी वाढली, वाट्याला येणारं खाणं घटलं, त्याचा तो परिणाम असावा असं अभ्यासक म्हणतात. घारी कमी झाल्या आणि सरड्याचा रंग उतरला. शिकारी आणि सावज यांची मोजदाद वेगवेगळी करून चालत नाही, हे यातून मला कळलं.

*

नजर.

लपलेलं ओळखणारी माणसंही या यादीत घ्यावी लागतात. इथले कातकरी, ठाकूर, वारली. टिटवीची अंडी शोधायला जाणता माणूस जमीन बघत नाही. तो लांब बसतो, टिटवीचं ओरडणं थांबेपर्यंत बसतो. मग ती चालत येते, थांबते, उगाच दुसरीकडे टोचते, पुन्हा चालते, आणि एका जागी छाती जरा हलवून खाली बसते. ती जागा. हे बघायला तास जातो. वीटभट्टीवर कुटुंबासह सहा-सहा महिने राहणाऱ्या माणसाजवळ तो तास नसतो, आणि त्याच्या मुलाला ते शिकायला रानच नसतं. दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात ते थेट पावसाच्या तोंडावर भरतात. नेमके हेच वणव्याचे महिने. ज्यांना रान सर्वांत जास्त कळतं ती माणसं आग लागते तेव्हा गावात नसतात.

2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनाची राखण करायचा हक्क दिला आहे. त्या हक्कात जाळरेषा आणि आग राखणीची मजुरी धरली, तर काही घरं तरी भट्टीवर जायची थांबतील, आणि पाचोळाही वाचेल. दोन्ही गोष्टी एकाच पैशात होतात.

*

यातलं बरंचसं अजून परत येण्यासारखं आहे. पाचोळा तर दरवर्षी नव्यानं पडतो, त्याला फक्त जूनपर्यंत राहू द्यायचं आहे. तेव्हा शहापूर-मुरबाडात ज्यांचं घर, शेत किंवा प्लॉट आहे त्यांना एवढंच मागणं: येत्या फाल्गुनात आवारातला पाचोळा जाळू नका, एका कोपऱ्यात राहू द्या. पोकळ झाड अंगावर पडण्यासारखं नसेल तर उभं राहू द्या. बाहेरचा दिवा रात्री दहानंतर बंद करा. माळाचा एक तुकडा हिरवळीवाचून, दगडांसकट सोडा. आणि डोंगराला आग दिसली तर कुणाची जमीन आहे याचा विचार न करता वनखात्याच्या 1926 या नंबरवर लगेच कळवा.